चाकातली हवा

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या कार्यक्रमांत रविवारी सकाळी 'बी' विंगच्या पार्किंगमध्ये झालेल्या भाषणाचा हा मजकूर. प्रत्यक्ष करून दाखवलेला भाग वाचून समजेल अशा बेताने लिहून काढला आहे.)



उत्सव समितीने मला अर्धा तास दिला आहे आणि विषय दिला आहे 'घरच्या घरी सायकलची निगा'. पण मला बोलायचं आहे ते नोटीस बोर्डापासून. गेल्या महिन्यात बोर्डावर एक नोटीस लागली: 'वापरात नसलेल्या सायकली मालकांनी हलवाव्यात, अन्यथा त्या भंगारात काढण्यात येतील.' नोटिशीत चूक काही नाही. पार्किंगची अडचण आपल्याला सगळ्यांनाच माहीत आहे. पण नोटीस वाचली आणि मी एक काम केलं. वही घेऊन तिन्ही विंगच्या जिन्याखालच्या सायकली एकेक करून बघितल्या. मी पिंपरीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं मेंटेनन्सला होतो, त्यामुळे मशीन बंद दिसलं की त्याला काय झालंय हे बघितल्याशिवाय मला राहवत नाही.

काय दिसलं ते सांगतो. निम्म्याहून जास्त सायकलींना झालेलं काहीच नाही. चाकात हवा नाही, चेन सुकलीय, ब्रेकची वायर सैल पडलीय, बस्स. खरोखर भंगार म्हणाव्यात अशा, म्हणजे फ्रेम मोडलेल्या किंवा रिम गंजून खपली सुटलेल्या, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आपण भंगारात घालायला निघालोय ती सायकल नाही, तर एका तासाचा आळस.

एक काळ असा होता की हा आळस परवडायचा. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते काही उगाच नाही. पेठांत कोपऱ्याकोपऱ्यावर सायकलचं दुकान, बाहेर टांगलेला टायर, पाण्याचं घमेलं आणि तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या सायकली. आपली सोसायटी १९९९ साली रजिस्टर झाली तेव्हा आपल्याही गेटसमोर असा एक कारागीर बसायचा, जुन्या सभासदांना आठवत असेल. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. जवळपास जे पंक्चरवाले उरलेत ते स्कूटर आणि मोटारीची कामं करतात, सायकल बघितली की 'उद्या या' म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे, सायकलच्या कामात त्यांना सुटतं तरी काय? तेव्हा हे काम आता आपल्याच हातांनी करायला हवं, आणि ते तसं अवघडही नाही.

कारखान्यात आम्ही मेंटेनन्सचे दोन प्रकार मानायचो. एक, मशीन बंद पडल्यावर धावायचं. दुसरा, बंद पडू नये म्हणून वेळच्या वेळी बघायचं. सायकलला दुसरा प्रकार लावला तर तीनच शब्द पुरतात: हवा, ब्रेक, चेन. मुलांनो, म्हणा बरं. हवा, ब्रेक, चेन. सायकलवर बसायच्या आधी याच क्रमाने बघायचं. अर्धं मिनिट लागतं.

हवा. ट्यूब कितीही चांगली असली तरी रबरातून हवा हळूहळू झिरपतेच. दोन महिने उभ्या सायकलीचं चाक बसलं म्हणजे पंक्चर झालंच असं नाही. आधी हवा भरून एक रात्र ठेवा. सकाळी चाक कडक असेल तर तुमचं काम झालं. हवा नसताना मात्र सायकल महिनोन्‌महिने उभी करू नका. सगळं वजन टायरच्या एकाच जागी येतं आणि तिथे बाजूच्या भिंतीला चिरा पडतात. जिन्याखालच्या कितीतरी सायकलींचं नेमकं हेच झालंय.

हवा किती भरायची? अंगठ्याने दाबून बघणं हा अंदाज झाला. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत आकडा असतो, पी.एस.आय. असा. बहुतेक वेळा कमाल आकडा असतो, काहींवर किमानही. त्याच्या मध्ये राहायचं. वजन जास्त असेल तर थोडी वर, रस्ता खडबडीत असेल तर थोडी खाली. तिथेच आणखी एक आकडा असतो, उदाहरणार्थ ४७-६२२. पहिला टायरची रुंदी, दुसरा टायर रिमवर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. नवीन टायर-ट्यूब आणायला जाताना हा आकडा लिहून न्या. 'सव्वीस इंची' एवढंच सांगितलंत तर चुकीचा टायर घरी यायची शक्यता आहे, कारण सव्वीस इंची म्हणून विकले जाणारे टायर एकाच मापाचे नसतात.

व्हॉल्व्ह तीन प्रकारचे. जुन्या काळ्या सायकलला असतो तो साधा, त्यातली रबरी नळी कुजली की हवा जाते आणि आपण पंक्चर शोधत बसतो. दुसरा जाड, मोटारसायकलला असतो तसाच. तिसरा बारीक, सुईसारखा. त्याच्या टोकाची छोटी चकती आधी सैल करायची, मग पंप लावायचा. बऱ्याच गिअरच्या सायकली 'पंप बसतच नाही' म्हणून पडून आहेत त्या या चकतीपायी.

पंक्चर काढणं तुम्ही सगळ्यांनी बघितलंय, केलंय थोड्यांनी. टायर एका बाजूने सोडवा, स्क्रू-ड्रायव्हरने नको, प्लॅस्टिकचे लिव्हर मिळतात ते वापरा, नाहीतर एक पंक्चर काढताना दुसरं कराल. ट्यूब फुगवून पाण्यात बुडवा, बुडबुडे येतील तिथे खूण करा. जागा कोरडी करून पॉलिश पेपरने घासा, सोल्युशन पातळ लावा, आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, थांबा. बोटाला ओलं लागायचं बंद होईपर्यंत थांबा. ओल्या सोल्युशनवर चिकटवलेला पॅच गेटपर्यंत टिकत नाही. आणि ट्यूब परत घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवा, जरा जपून. ज्या काट्याने पंक्चर केलं तो बहुधा तिथेच बसलेला असतो.

ब्रेक. इथे मी थोडा गंभीर होणार आहे. गेल्या पावसाळ्यात आपल्या बेसमेंटच्या उतारावरून एक मुलगा सायकलसकट खांबावर आदळला, हे सगळ्यांना माहीत आहे. मनगटावर निभावलं. नंतर मी ती सायकल बघितली. मागच्या ब्रेकची वायर तुटत आलेली होती, एकच तार शिल्लक. पुढच्या ब्रेकचं रबर इतकं झिजलेलं की आतलं लोखंड रिमला घासत होतं. सायकल चांगली महागातली होती. नाव मी घेत नाही, कारण ती सायकल कुणाचीही असू शकली असती. त्या दिवशी आणखी चार सायकलींचे ब्रेक दाबून बघितले, दोन तशाच निघाल्या.

तेव्हा आई-बाबांनो, सायकल घेऊन देणं हे अर्धं काम आहे. ब्रेकची मूठ पूर्ण दाबली तर ती हँडलला टेकता कामा नये. टेकत असेल तर वायर ताणायची. मुठीपाशी किंवा ब्रेकपाशी एक गोल फिरणारा स्क्रू असतो, तो हाताने उलटा फिरवला की वायर ताणली जाते. रबरावर खाचा असतात. खाचा दिसेनाशा झाल्या की रबर बदलायचं. रबर रिमवरच बसलं पाहिजे, टायरला लागलं तर टायर कापतं. वायरचा एकही धागा सुटलेला दिसला तर वायर बदलायची. 'अजून चालतेय' हा हिशेब ब्रेकला लावायचा नाही. पावसात रिम ओली असते तेव्हा ब्रेक उशिरा लागतो, म्हणून उतारावर आधीपासून वेग कमी. ज्यांच्या सायकलला डिस्क ब्रेक आहे त्यांनी डिस्कला तेलाचा हात लावू नये. डिस्क आणि रिम या दोन जागा तेलाला वर्ज्य.

आणि इथेच उंचीचं सांगून टाकतो. मुलं वाढतात, सीट तिथेच राहते. टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली नेलं की पाय सरळ झाला पाहिजे, म्हणजे सीट योग्य. सीटच्या दांड्यावर एक खूण असते, ती दिसेल इतका दांडा वर काढू नका. ती दिसायला लागली तर सायकल लहान झाली, धाकट्या भावंडाला द्या.

चेन. आपल्याकडे 'सायकल ओव्हरऑइल करणे' असा एक शब्दप्रयोग आहे. मूळ शब्द ओव्हरहॉल, म्हणजे सगळं खोलून साफ करून परत जोडणं. पण आपण त्याचं ओव्हरऑइल केलं आणि तसंच वागायला लागलो, म्हणजे तेल ओतायचं. जास्तीच्या तेलावर धूळ बसते, तिचा काळा लगदा होतो आणि तो लगदा पॉलिश पेपरसारखा चेन घासत राहतो. बरोबर पद्धत अशी: आधी फडकं आणि डीग्रीझर घेऊन चेन पुसून काढा, पूर्ण वाळू द्या. मग चेनच्या आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एकेक थेंब. पेडल उलटं फिरवा, दहा मिनिटं थांबा, आणि वरचं तेल कोरड्या फडक्याने पुसून टाका. तेल आत पाहिजे, बाहेर नको.

कुठलं तेल? सायकलच्या चेनचं मिळतं ते, नाहीतर शिलाई मशीनचं चालेल, फक्त ते लवकर उडतं म्हणून वरचेवर लावावं लागेल. खोबरेल नको. आपल्या डिसेंबरात ते बाटलीत थिजतं, तसंच चेनमध्येही थिजेल. गोडंतेल तर अजिबात नको, चिकट होऊन बसतं.

चेन झिजली की नाही हे बघायला स्टीलची फूटपट्टी पुरते. चेनच्या एका पिनच्या मध्यापासून मोजा. बारा इंचांवर बरोब्बर पिनचा मध्य आला पाहिजे. पिन एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. एक अष्टमांश गेली असेल तर बहुधा मागची चक्रंही गेली. वेळेवर चेन बदलणं हे चक्रं बदलण्यापेक्षा फार स्वस्त पडतं.

आणखी एक बारीक गोष्ट, कारण यात भलेभले फसतात. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं. ते काढायला पाना घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. जोर लावून चुकीकडे फिरवाल तर क्रँकचे आटेच जातील. आणि काही कामं माहीतगारावर सोडा: रिमचा आउट काढणं, हबमधले छर्रे बदलणं, तेलाच्या डिस्क ब्रेकमधली हवा काढणं. ज्यात हात बसलेला नाही तिथे धाडस नको.

आता ट्यूबलेस. हा विषय तरुण मंडळींनी मुद्दाम मागितला होता. लॉकडाऊनमध्ये आपल्याकडे बऱ्याच गिअरच्या सायकली आल्या, त्यातल्या काही टेकडीवर आणि सिंहगडाकडे नियमित जातात. टेकडीवर बाभळीचे काटे, त्यामुळे दर दोन रविवारी पंक्चर. त्यांचा प्रश्न असा, ट्यूबलेस करावं का?

थोडा इतिहास. हवेचा टायर सायकलला बसवून तो बाजारात चालवला डनलॉप यांनी, बेलफास्टमध्ये, १८८८ साली. ते व्यवसायाने जनावरांचे डॉक्टर. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं सायकलमध्ये बहुतेक ट्यूबच राहिली. डोंगरातल्या सायकलींसाठी ट्यूबलेसची पहिली ठरीव पद्धत आली १९९९ साली, फ्रान्समधून. म्हणजे आपली सोसायटी आणि सायकलचा ट्यूबलेस टायर एकाच वयाचे. यंदा त्याचाही रौप्यमहोत्सव!

स्कूटरला ट्यूबलेस आहे, मग सायकलला वेगळं काय? स्कूटरची रिम सलग असते, टायर जाड असतो. सायकलच्या रिमला तारांसाठी भोकं असतात आणि टायर पातळ. म्हणून दोन गोष्टी लागतात. भोकं बंद करायला रिमच्या आतून हवाबंद टेप, आणि आत एक द्रव, सीलंट. बहुतेक सीलंट म्हणजे रबराचा चीक, त्यात भोकात अडकून बसतील असे बारीक कण. काटा लागला की हवेबरोबर चीक भोकात जातो आणि तिथेच गोठतो. चालवणाऱ्याला बऱ्याचदा कळतही नाही. दुसरा फायदा, हवा थोडी कमी ठेवता येते. ट्यूब असताना हवा कमी असली आणि दगड लागला की ट्यूब रिममध्ये चेपून दोन भोकं पडतात. ट्यूबच नसेल तर चेपणार काय? कमी हवेने पकड वाढते, धक्के कमी बसतात.

तर पद्धत. सगळ्यात आधी रिम आणि टायर दोन्हींवर 'ट्यूबलेस रेडी' असं लिहिलेलं बघा. नसेल तर हा नाद सोडा. साध्या रिमवर जुगाड करून बसवलेला टायर वळणावर सुटला तर दात जातात.

एक, जुनी पट्टी काढून रिम स्पिरिटने स्वच्छ पुसा. दोन, टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त रुंद घ्या, ताणून लावा, शेवटी वीतभर एकावर एक येऊ द्या. अंगठ्याने दाबून बुडबुडे काढा. नव्वद टक्के लोकांची हवा इथूनच जाते, तेव्हा घाई नको. तीन, व्हॉल्व्हच्या जागी टोकदार वस्तूने लहान भोक पाडा, व्हॉल्व्ह आत दाबून बसवा, नट हातानेच आवळा, पकड लावू नका. चार, टायरची एक कड रिमवर चढवा, मग दुसरी. शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी यावा, आणि चढवताना बाकीची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत राहा, म्हणजे ढिलाई मिळते. पाच, कडांना साबणाचं पाणी लावा, व्हॉल्व्हच्या आतली सुई काढा आणि उभ्या पंपाने भराभर हवा मारा. इथे जोर नाही, वेग महत्त्वाचा. टायर 'टक्, टक्' आवाज करत रिमवर बसतो. टायरच्या बाजूला एक बारीक रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली म्हणजे बसला.

पंपाने नाही बसला तर कॉम्प्रेसर लागेल, पण जपून. टायर आणि रिम दोन्हींवरचे कमाल आकडे वाचा आणि जो लहान असेल तो पाळा. काही नव्या रिमना आत आकड्यासारखी कड नसते, त्यांत पाच बारच्या, म्हणजे साधारण बहात्तर पी.एस.आय.च्या वर कधीच जायचं नाही. तोंड चाकावर आणू नका.

सहा, हवा सोडा आणि सिरिंजने व्हॉल्व्हमधून सीलंट घाला. डोंगराच्या रुंद टायरला साधारण शंभर मिली, चाळीस मिलिमीटरच्या टायरला साठेक, बाकी बाटलीवर लिहिलेलं असतं. सुई परत बसवा, हवा भरा, चाक फिरवा, हलवा, मग बादलीवर आडवं ठेवा, थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने. लगेच एक फेरी मारून या. पहिल्या एक-दोन रात्री थोडी हवा कमी होईल, घाबरू नका, पुन्हा भरा.

आता दुसरी बाजूही ऐका. सीलंट वाळतं. दोन ते सहा महिने म्हणतात, पण आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात दर दोन महिन्यांनी बघा. मोठं भोक त्याने बुजत नाही, त्यासाठी रबराची वात घालायचं छोटं हत्यार आणि एक जादा ट्यूब पिशवीत ठेवाच. कपड्यावर पडलं तर निघत नाही. आणि कृपा करून उरलेलं सीलंट बाथरूमच्या मोरीत ओतू नका. तो रबराचा चीक आहे, पाइपमध्ये गोठला तर खालच्या मजल्यावरून तुम्हाला फोन येईल. डब्यात वाळू द्या आणि कचऱ्यात टाका.

माझं मत विचाराल तर टेकडीवर, लांब पल्ल्याला जाणाऱ्यांनी जरूर करावं. भाजी आणायला आणि शाळेत जायला साधी ट्यूब उत्तम. आणि जी सायकल महिनोन्‌महिने उभीच राहणार आहे तिला ट्यूबलेस करणं म्हणजे सीलंट वाया घालवणं.

शेवटचा मुद्दा, ज्यासाठी खरं तर मी उभा राहिलो. आपल्या सोसायटीत रोज, न चुकता सायकल कोण चालवतं? आपण नाही. रात्रपाळीचे वॉचमन चालवतात, पेपर टाकणारा मुलगा चालवतो. जिने झाडायला येणाऱ्या दोघी जणी तर चालतच येतात, सकाळी बसच्या वेळा जमत नाहीत म्हणून. आपल्या जिन्याखाली सायकली गंजतायत आणि त्या अर्धा-पाऊण तास चालतायत. एकाच गेटमधल्या या दोन गोष्टी मला तरी शेजारीशेजारी बघवत नाहीत.

म्हणून कमिटीपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, नोटिशीची मुदत दोन महिने वाढवावी आणि प्रत्येकाने आपल्या सायकलवर फ्लॅट नंबर लावावा. दुसरी, सोसायटीने मीटरवाला एक उभा पंप आणि पान्यांचा एक संच घेऊन वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवावा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ ते दहा मी इथे बसेन. सायकल आणा, मी करून देणार नाही, तुमच्याकडून करून घेईन. तिसरी, ज्यांना सायकल नको आहे त्यांनी तसं लेखी द्यावं. त्या सायकली आपण दुरुस्त करून आधी आपल्याकडे काम करणाऱ्यांना विचारू, आणि मगच भंगारवाल्याला. ब्रेक तपासल्याशिवाय एकही सायकल कुणाला द्यायची नाही, ही माझी अट. दान म्हणून धोका देऊ नये.

हा विषय येत्या वार्षिक सभेपुढे घ्यावा, अशी विनंती सेक्रेटरींना लेखी दिली आहे. विरोधात मत असेल त्यांनीही जरूर यावं, बोलावं. पार्किंगची जागा खरंच कमी आहे आणि त्यावर माझ्याकडेही जादूची कांडी नाही. पण चालती सायकल दिवसभर बाहेर असते, जागा अडवते ती बंद सायकल.

  आता बाह्या सारा, घमेल्यात पाणी भरून ठेवलंय. पहिली सायकल कुणाची?